दिवाळी पहाटेला फाटलेला लिगामेंट आणि क्लेमचे दहा महिने

मी पुण्यात राहते. सकाळी दहा ते दोन एका सीएंच्या ऑफिसात हिशेबाचं काम करते, संध्याकाळी कथकचे वर्ग घेते आणि वर्षाला दहा-बारा कार्यक्रम करते. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून नाचणाऱ्या मैत्रिणींचे फोन येतात आणि प्रश्न एकच असतो, "आपल्याला विमा मिळतो का गं? आणि मिळाला तर पैसे देतात का?" प्रत्येकीला तासभर सांगण्यापेक्षा एकदा सगळं तारखांसकट लिहून ठेवते.

सुरुवात २०२३ च्या डिसेंबरपासून. त्याच्या वर्षभर आधीपर्यंत मी पूर्णवेळ नोकरीत होते, कंपनीचा ग्रुप विमा होता. नाचाला वेळ मिळावा म्हणून ती नोकरी सोडली आणि विमाही त्याच दिवशी संपला. आताच्या ऑफिसात अर्धवेळ असल्याने तसलं काही नाही. वर्षभर मी विम्याशिवाय होते. आई दर महिन्याला आठवण करायची.

शेवटी बाबांच्या ओळखीचे एजंट काका घरी आले. फॉर्म त्यांनीच भरत आणला होता आणि व्यवसायाच्या रकान्यात "नोकरी" एवढंच लिहिलं होतं. मी म्हटलं, काका, निम्मं उत्पन्न नाचाचं आहे, तेही लिहा. ते म्हणाले, "अगं, डान्सर लिहिलंस की प्रश्न विचारत बसतील. कशाला?" मी हट्टाने लिहायला लावलं: अर्धवेळ लेखापाल, कथक शिक्षिका आणि रंगमंचीय कलाकार. प्रश्न खरंच आले. कंपनीच्या डॉक्टरबाईंचा फोन आला: दिवसाला किती तास नाचता, उंचावरून उड्या, आगीचे खेळ, दोरावरच्या कसरती असं काही असतं का, यापूर्वी हाड मोडलंय का, एखाद्या सांध्यावर उपचार झालेत का. सगळ्याची खरी उत्तरं दिली. अकरा दिवस गेले, पण हप्ता एक रुपयानेही वाढला नाही. ५ लाखांचं कव्हर, हप्ता ९,२०० आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे १,६५६, एकूण १०,८५६ रुपये. पॉलिसी १२ जानेवारी २०२४ पासून सुरू झाली.

त्या वेळी मी सोबत आलेली माहितीपत्रिका वाचली, ३० दिवसांचा सुरुवातीचा प्रतीक्षाकाळ (ज्यात क्लेम मिळत नाही) पाहिला आणि फाइल कपाटात ठेवली. "ठरावीक आजारांसाठी २४ महिने" या मथळ्याखालची लांबलचक यादी मी डोळ्यांखालून घातली, पण लक्ष देऊन वाचली नाही. मोतीबिंदू, हर्निया, पित्ताशयातले खडे हे आपल्यासाठी नाही असं वाटलं. त्याच यादीत एक ओळ होती: कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी), लिगामेंट (हाडाला हाड बांधणारा पट्टा), हाडं आणि सांधे यांचे आजार, दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेसह, अपघात वगळता. नाचणाऱ्या माणसाने पॉलिसीत सगळ्यात आधी ही ओळ शोधावी. प्रत्येक कंपनीचे शब्द वेगळे असतात, पण सांध्यांविषयी काहीतरी असतंच. आता नव्या पॉलिसीसाठी वाचून परत करायला ३० दिवसांची मुदत मिळते. ती त्यासाठीच वापरा.

२ नोव्हेंबर २०२४, पाडवा. एका सोसायटीच्या मैदानावर दिवाळी पहाट होती. मांडवातला स्टेज, म्हणजे लोखंडी घोड्यांवर प्लायचे तुकडे आणि त्यावर ताणलेला लाल गालिचा. द्रुत तीनतालात शेवटची तिहाई होती, म्हणजे तोच तुकडा तीनदा: नऊ नऊच्या तीन, सत्तावीस चक्करा आणि सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा. एकोणिसाव्या की विसाव्या चक्करीला डावी टाच गालिच्याखालच्या फटीत बसली. अंग फिरलं, पाय फिरला नाही. गुडघ्यात "कट्" असा आवाज झाला, तो मला घुंगरांच्या आवाजातही ऐकू आला. मी खाली बसले. तबलजींनी ठेका सोडला नाही, त्यांना वाटलं मी बैठकीत गेले.

दुपारपर्यंत गुडघा दुप्पट झाला होता. सणामुळे ओळखीचे दवाखाने बंद. कोपऱ्यावरच्या एका डॉक्टरांनी त्याच सकाळी साडेनऊला तपासून क्रेप बँडेज बांधलं आणि चिठ्ठीवर लिहिलं: आज सकाळी स्टेजवर नाचताना पाय अडकून गुडघा मुरगळला. दीडशे रुपयांची ती चिठ्ठी मी औषध घेतल्यावर जवळजवळ टाकून देणार होते. आईने ती देवघराच्या ड्रॉवरमध्ये ठेवली.

सोमवारी, ४ तारखेला अस्थिरोगतज्ज्ञांकडे गेले. आधी एका तरुण डॉक्टरने माहिती लिहून घेतली. "आधी कधी गुडघा दुखायचा का?" मी म्हटलं, रियाज जास्त झाला की वर्षभरात अधूनमधून दोन्ही गुडघे भरून यायचे. त्याने इंग्रजीत लिहिलं, त्याचा अर्थ असा: एक वर्षापासून गुडघेदुखी, नर्तिका, दोन दिवसांपासून सूज. स्टेज, फट, अडकलेली टाच यातलं काहीही नाही. मी तो कागद वाचला नाही. पुढचे दहा महिने त्या एका ओळीने खाल्ले.

म्हणून एवढं कराच. दवाखान्यातून उठण्यापूर्वी पहिला केसपेपर वाचा. काय झालं, कधी झालं, कुठे झालं, कशामुळे झालं हे चार शब्द त्यावर आहेत का बघा. नसतील तर तिथेच, नम्रपणे, लिहून मागा. खोटं काही लिहून घ्यायचं नाही. जे घडलं ते पूर्ण लिहिलेलं हवं, इतकंच.

६ तारखेला एमआरआय, ६,५०० रुपये. ८ तारखेला निदान: एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आतला मुख्य लिगामेंट, पूर्ण फाटलेला, शिवाय मेनिस्कसला, म्हणजे गुडघ्यातल्या कूर्चेच्या गादीला, लहानशी चीर. सर्जन शांतपणे म्हणाले, चालायला, जिना चढायला कदाचित ऑपरेशनशिवायही चालेल, पण चक्कर घ्यायची असेल तर लिगामेंट नवा करावा लागेल. मांडीमागच्या स्नायूची कंडरा काढून त्याचाच लिगामेंट करायचा. आधी सूज उतरून पाय सरळ व्हायला हवा, म्हणून महिनाभर व्यायाम. रिक्षात बसल्यावर मी पहिल्यांदा रडले. खर्चाची भीती होतीच, पण त्याहून जास्त, ताईंना हे कसं सांगायचं याची. मी त्यांच्याकडे नऊ वर्षांची असल्यापासून शिकते. ताई फोनवर एवढंच म्हणाल्या, "बोल म्हणायला, पढंत करायला गुडघा लागत नाही. मंगळवारी ये."

ऑपरेशन ९ डिसेंबरला ठरलं. ठरवून करायचं ऑपरेशन असल्याने रुग्णालयाच्या विमा डेस्कने ५ तारखेलाच कॅशलेसचा, म्हणजे बिल कंपनीने थेट रुग्णालयाला भरावं असा, अर्ज पाठवला. ६ ला प्रश्न आला: दुखणं कधीपासून? ७ ला कॅशलेस नाकारल्याचा मेल. कारण, २४ महिन्यांचा प्रतीक्षाकाळ. डेस्कवरच्या ताई अनुभवी होत्या. त्यांनी सांगितलं की कॅशलेस नाकारला म्हणजे क्लेम नाकारला असं नाही, बिल भरून नंतर परतफेडीचा अर्ज करता येतो. हे मला माहीत नव्हतं, आणि किती जणी याच ठिकाणी थांबत असतील असं राहून राहून वाटतं. माझी एक एफडी मोडली, उरलेले दादाने कार्डावर भरले. एकूण बिल १,९२,४००. त्यात स्क्रू आणि बटन या इम्प्लांटचेच ४८,००० होते.

खोली मी दोघींची घेतली. पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा असेल आणि तुम्ही त्याहून महाग खोली घेतलीत, तर नुसता भाड्यातला फरक नाही, डॉक्टरांच्या फीपासून ऑपरेशन थिएटरपर्यंत बऱ्याच रकमा त्याच प्रमाणात कापल्या जाऊ शकतात. ११ तारखेला घरी आले.

परतफेडीचा अर्ज २७ डिसेंबरला दिला. त्याला लागलेले कागद: सही केलेला क्लेम फॉर्म, डिस्चार्ज कार्ड, मुख्य बिल आणि त्याची फोड, पैसे भरल्याच्या पावत्या, औषधांची बिलं आणि सोबत प्रत्येक बिलाची चिठ्ठी, एमआरआयचा रिपोर्ट आणि सीडी, इम्प्लांटचं बिल आणि त्याच्या खोक्यावरचे स्टिकर, रद्द केलेला चेक, पॅन, आधार. स्टिकर डिस्चार्जच्या वेळीच मागून घ्या. मला त्यासाठी कुबड्या घेऊन पुन्हा जावं लागलं. सगळ्याची स्कॅन प्रत काढली आणि देताना पोच घेतली.

१२ जानेवारीला पॉलिसीच्या नूतनीकरणाची तारीख होती. दादा चिडून म्हणाला, यांना आणखी अकरा हजार कशाला द्यायचे? पण भांडण चालू आहे म्हणून पॉलिसी खंडित होऊ दिली असती तर प्रतीक्षाकाळाचं सरलेलं वर्ष वाया गेलं असतं. भरले.

१४ जानेवारीला पत्र: गेल्या एक वर्षाच्या गुडघेदुखीच्या उपचारांचे कागद पाठवा. असे कागद नव्हतेच, कारण उपचारच घेतले नव्हते. तसं लिहून दिलं. १० फेब्रुवारी २०२५ ला क्लेम नाकारल्याचं पत्र आलं. दुखणं जुनं आहे, अपघात सिद्ध होत नाही, सबब २४ महिन्यांचा प्रतीक्षाकाळ लागू. मधल्या काळात कॉल सेंटरवरच्या एकाने "प्रोफेशनल डान्स म्हणजे धोकादायक खेळात येतं" असंही सांगितलं होतं. त्या रात्री मी पॉलिसी पहिल्यांदा अक्षर न् अक्षर वाचली. धोकादायक आणि साहसी खेळांचं कलम त्यात होतं. त्यात व्यावसायिक म्हणून केलेलं गिर्यारोहण, प्रस्तरारोहण, राफ्टिंग, मोटार आणि घोड्यांच्या शर्यती, स्कूबा डायव्हिंग, आकाशातून उड्या अशी नावं होती. नाच नव्हता. आणि नाकारण्याच्या पत्रातही त्या कलमाचा उल्लेख नव्हता. फोनवर कुणी काय म्हणालं याला अर्थ नसतो, पत्रात कुठलं कलम लिहिलंय ते बघायचं. २०२४ पासून विमा नियामकाचा नियमच आहे की कंपनीच्या क्लेम समितीच्या मंजुरीशिवाय क्लेम नाकारता येत नाही आणि नाकारताना पॉलिसीतली नेमकी अट सांगावी लागते.

मग मी अपघाताची व्याख्या काढली. प्रत्येक आरोग्य विमा पॉलिसीत ती साधारण सारखीच असते: अचानक, अनपेक्षित, आपल्या इच्छेविना आणि बाहेरच्या, दिसणाऱ्या, जोराच्या कारणाने घडलेली घटना. यातला एकेक शब्द घेऊन त्यापुढे पुरावा मांडत गेले. अचानक आणि अनपेक्षित यासाठी आयोजकांनी केलेलं चित्रीकरण. बाहेरचं, दिसणारं कारण यासाठी प्लायमधल्या फटीचा फोटो. तो माझ्या एका विद्यार्थिनीने त्याच सकाळी गालिचा उचलून काढला होता, का काढला ते तिलाही सांगता येत नाही. आयोजकांनी कार्यक्रमाची तारीख, वेळ आणि घटना लिहून सही-शिक्क्याचं पत्र दिलं. आणि आईने जपलेली दीडशे रुपयांची चिठ्ठी.

सगळ्यात वजनदार ठरलं सर्जनचं प्रमाणपत्र. एमआरआयमध्ये मांडीच्या हाडाच्या बाहेरच्या बाजूच्या गोलाकार टोकात आणि नडगीच्या हाडाच्या वरच्या टोकाला, मागच्या बाजूला, हाडाच्या आत ताजा मुका मार दिसत होता. पाय रोवलेला असताना शरीर फिरतं आणि दोन्ही हाडं एकमेकांवर आपटतात, तेव्हा असा डाग उमटतो आणि तो काही आठवडे-महिन्यांत विरत जातो. म्हणजे हा लिगामेंट झिजून नाही, त्याच दिवसांत झटक्याने फाटला. हे त्यांनी अर्ध्या पानात लिहिलं, आणि केसपेपरवरची "एक वर्षाची गुडघेदुखी" ही रियाजानंतरची, उपचारांची गरज न पडलेली तक्रार होती, हेही. रिपोर्ट घेऊन डॉक्टरांसमोर बसा आणि विचारा, यात दुखापत ताजी असल्याची खूण आहे का? मला वाटतं, नाचणाऱ्या प्रत्येकीने विचारायचा हा प्रश्न आहे, कारण "तुम्ही नाचता म्हणजे झीज होणारच" हे आपल्याबद्दल न तपासता गृहीत धरलं जातं.

२४ फेब्रुवारीला कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यांना हे सगळं पाठवलं. १८ मार्चला उत्तर आलं, निर्णय कायम. त्याच आठवड्यात फिजिओथेरपीची बिलंही पाठवून दिली, मुख्य क्लेम नाकारलेला असतानाही. माझ्या पॉलिसीत रुग्णालयात दाखल होण्यापूर्वीच्या ६० आणि घरी आल्यानंतरच्या ९० दिवसांचा खर्च धरतात. ३४ सत्रं, दर सत्राला ६००, म्हणजे २०,४००, शिवाय औषधांचे २,४५०. आधीची तपासणी, एक्स-रे आणि एमआरआय मिळून ८,८०० अर्जात होतेच. अनेक पॉलिसींमध्ये आधीचे ३० दिवसच असतात. तसं असतं तर ३३ दिवस आधीचा माझा एमआरआय बाहेर पडला असता.

पुढचा टप्पा विमा लोकपाल, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारींवर निवाडा देणारे अधिकारी. कंपनीने तक्रार फेटाळली किंवा महिनाभरात उत्तरच दिलं नाही, तर वर्षाच्या आत लोकपालांकडे जाता येतं. ५० लाखांपर्यंतची प्रकरणं तिथे चालतात, फी नाही, वकील चालत नाही. पुण्याचं कार्यालय नारायण पेठेत आहे, तक्रार ऑनलाइनही करता येते. ७ एप्रिलला अर्ज केला. त्यांनी संमतिपत्र आणि काही प्रती मागितल्या, त्या दिल्या, आणि मग वाट पाहिली. ही वाट सगळ्यात जड गेली. वर्ग एक मोठी विद्यार्थिनी सांभाळत होती, मी खुर्चीत बसून बोल म्हणत होते. अठ्ठावीस मुलींपैकी सोळा उरल्या. विमा रुग्णालयाचे पैसे देतो, बुडालेल्या फीचे आणि रद्द झालेल्या कार्यक्रमांचे देत नाही. आणि ९० दिवसांनंतर चालू राहिलेल्या फिजिओथेरपीचे ३६,००० माझ्याच खिशातून गेले.

१६ जुलैला सुनावणी झाली. वीसेक मिनिटं. कंपनीचे प्रतिनिधी सभ्य होते. त्यांचा मुद्दा असा की नाच ही स्वेच्छेने केलेली क्रिया आहे, मग "इच्छेविना" कसं? मी म्हटलं, नाचणं माझ्या इच्छेने, टाच फटीत अडकणं नाही. रस्ता ओलांडणंही इच्छेनेच असतं. मग चित्रफीत लावली. सम कुठे यायला हवी होती आणि मी कुठे थांबले ते दाखवलं. समोरच्या अधिकाऱ्यांनी ती दोनदा पाहिली आणि फोटोतली फट किती रुंद होती ते विचारलं. मग विमा घेताना भरलेला प्रस्तावाचा फॉर्म मागवून व्यवसायाचा रकाना वाचला. तिथे "कथक शिक्षिका आणि रंगमंचीय कलाकार" लिहिलेलं होतं. काही लपवलं आहे असा प्रश्नच उरला नाही. तिथे "नोकरी" एवढंच असतं तर सुनावणीचा रोख सगळा तिकडे गेला असता.

८ ऑगस्टला निवाडा पोस्टाने आला. घटना अपघाताच्या व्याख्येत बसते, प्रतीक्षाकाळ लागू नाही, देय रक्कम द्यावी. निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो आणि तो मिळाल्यापासून ३० दिवसांत अमलात आणावा लागतो. ३ सप्टेंबरला खात्यात २,११,६०० जमा झाले. मागितले होते २,२४,०५०. कापलेल्या १२,४५० मध्ये गुडघ्याचा ब्रेस ३,४००, कुबड्या १,१५० आणि हातमोजे, मास्क वगैरे ७,९०० रुपये होते. ब्रेस आणि चालायची साधनं नियामकाच्या न देण्याच्या वस्तूंच्या यादीतच आहेत. त्यासाठी वेगळा रायडर, म्हणजे पॉलिसीला जोडायचं जादा कव्हर, मिळतो, घ्यायच्या आधी त्यात ब्रेस येतो का ते विचारून घ्या. आधी दादाचं कार्ड फेडलं.

ज्यांना ठरलेली नोकरी किंवा आयटी रिटर्न नाही, लग्नाच्या संगीतात, ऑर्केस्ट्रात, लावणीच्या पार्टीत नाचतात, त्यांच्यासाठी दोन गोष्टी. रेशनकार्ड कुठल्याही रंगाचं असलं तरी महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे, योजनेच्या यादीतले उपचार संलग्न रुग्णालयांत मिळू शकतात. कार्डावरचं आणि आधारवरचं नाव जुळतंय का ते आजच बघा, स्टेजचं नाव कुठेच चालत नाही. आणि बँकेतून वर्षाला २० रुपये कापून मिळणारा पंतप्रधान सुरक्षा विमा जरूर घ्या, पण तो अपघाती मृत्यू आणि कायमच्या अपंगत्वासाठी आहे. रुग्णालयाचं बिल त्यातून निघत नाही.

२०२६ च्या जानेवारीत पॉलिसीचं दुसऱ्यांदा नूतनीकरण केलं. हप्ता वाढून ९,९०० झाला, पण २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी गेल्याने तेवढेच भरले. बुडालेल्या उत्पन्नासाठी वैयक्तिक अपघात विम्याचा वेगळा फॉर्मही भरलाय. त्यात काम थांबलं तर विमा रकमेच्या एक टक्का दर आठवड्याला मिळतो. इथे मात्र व्यवसायावरून हप्ता ठरतो, आणि मला ऑफिसवाल्यांच्या वर्गात नाही, पुढच्या वर्गात टाकलंय. फरक वर्षाला काहीशे रुपयांचा आहे. तो भरीन.

कार्यक्रमापूर्वी आता मी अनवाणी सगळ्या स्टेजवरून एकदा चालते आणि फटींवर पांढरी चिकटपट्टी लावून घेते. आयोजक थांबतात. काल रियाजात सोळा चक्करा झाल्या, ताई समोर बसून मोजत होत्या.